जन्मतारखेचा रकाना

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे नातेवाइकांना समजावून सांगणे हे त्या नोकरीतील सर्वांत अवघड काम आहे. आमचे घर दिल्लीतले. वडील केंद्र सरकारच्या सेवेत, मूळचे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. आई साताऱ्याची, हिंदू. त्यामुळे दोन्हीकडच्या लग्नकार्यांत हजेरी लागते आणि दोन्हीकडे तोच प्रश्न येतो.

"रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंस ते काय मुलांना गाणी शिकवायला?" मावशीने एकदा पंगतीत विचारले.

उत्तर पप्पांनी दिले. "गाणी नाहीत हो, ती शिबिरं घेते. बिल्कुल आमच्या ऑफिससारखं आहे. फॉर्मच फॉर्म."

दोघेही अर्धे बरोबर होते. आदिवासी ख्रिस्ती तरुण-तरुणींसाठी शिबिरे भरवणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी सहा वर्षे काम करत आहे. झारखंड, छत्तीसगड आणि ओडिशातून उरांव, मुंडा, खडिया समाजाची शेकडो मुले-मुली दिल्लीच्या परिसरात कामाला येतात. मुली बहुतेक घरकामाला, मालकांच्याच घरी राहून. मुले मानेसरच्या कारखान्यांत, गाड्यांचे सुटे भाग बनवायला. त्यांच्यासाठी आम्ही वर्षातून चार वेळा, मानेसरच्या पुढे अरवलीच्या पायथ्याशी भाड्याने घेतलेल्या एका वसतिगृहात, तीन दिवसांचे शिबिर घेतो. सकाळी उपासना, मग पवित्र शास्त्राचा अभ्यास, दुपारी खेळ, आणि संध्याकाळी त्यांच्या सादरी बोलीतली गाणी. मधल्या वेळात बँकेचे खाते कसे उघडावे, एजंटाशी कसे बोलावे, असले धडे.

आम्ही कोणाला ख्रिस्ती करत नाही. या मुलांचे पणजोबा ख्रिस्ती झाले, माझे आजोबा. त्या हिशेबाने शिबिरात सर्वांत नवखी मीच.

या धंद्याविषयी बाहेरच्यांना माहीत नसलेली गोष्ट अशी की शिबिराचे निम्मे काम शिबिर सुरू होण्याआधीच संपते, आणि ते काम म्हणजे मॅडमना फोन करणे. घरात राहून काम करणाऱ्या मुलीला रविवारी दुपारनंतरची चार तासांची सुट्टी मिळाली तरी पुष्कळ. तिला सलग तीन दिवस मागणे म्हणजे मालकिणीच्या घरचे चाक काढून घेणे. या फोनांमुळे मॅडमचे प्रकार मला तोंडपाठ झाले आहेत. एक लगेच होकार देते आणि आदल्या दिवशी पाहुणे येतात. एक विचारते, "वहाँ लड़के भी होंगे?" आणि उत्तर ऐकून आणखी पाच प्रश्न विचारते. एका मॅडमनी मुलीऐवजी मलाच तीन दिवस कामाला पाठवण्याची सूचना केली होती. मी त्यांना माझे शिक्षण सांगितले, तर म्हणाल्या, "कोई बात नहीं, सिखा देंगे."

या कामातले माझे गुरू मार्कुस भैया. वय पन्नाशीच्या पुढे, उरांव, आधी एका शाळेत बसचालक, नंतर आमच्या संस्थेत शिबिरप्रमुख. मी आले तेव्हा संस्थेच्या समितीने मला त्यांच्या हाताखाली नेमले, आणि दोनच वर्षांत, माझ्या अहवालांवर खूश होऊन, त्यांच्या बरोबरीला बसवले. त्यांनी त्याबद्दल कधी चेहरा वाकडा केला नाही. मला मात्र त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल पुष्कळ सांगायचे असे. ते वहीत फक्त नाव आणि गावाचे नाव लिहीत. मी आल्याबरोबर नोंदणी अर्ज दोन पानांचा केला.

माझा पहिला उपक्रम आहाराचा होता. प्रथिने, लोह वगैरेचा हिशेब मांडून मी तीन दिवसांचा तक्ता केला. त्यात पोळ्या, डाळी, कडधान्ये होती. मुले जेवली, पण गप्प राहून. दुसऱ्या दिवशी मार्कुस भैया म्हणाले, "मॅडम लोगों की रोटी तो ये लोग रोज बेलते हैं. तीन दिन भात खाने दो." मी तक्ता बदलला. अहवालात मात्र "आहारतक्त्यात स्थानिक सवयींनुसार सुधारणा" असे लिहिले, जणू ती मीच शोधून काढली होती.

मानेसरच्या एका तरुणाचीही नोंद केली पाहिजे. रात्रपाळी संपवून तो कंपनीच्या बसने नाक्यावर उतरला, चालत शिबिरात आला, अर्ज भरला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी उठला, जेवला, पुन्हा झोपला. मी त्याच्या हजेरीत तिन्ही दिवस गैरहजर लिहिले. निघताना तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बहुत अच्छा शिबिर था, दीदी. अगली बार भी आऊँगा." तो आला, आणि त्या वेळी सगळ्या सत्रांत पुढच्या रांगेत बसला. पहिल्या शिबिराची त्याची हजेरी मी अजून बदललेली नाही. बदलायची झाली तर काय लिहायचे, हे ठरत नाही.

पण जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती अल्बीनाची आहे, आणि तिची सुरुवात माझ्या त्या दोन पानी अर्जातच आहे.

प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात, की ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही, तिच्यातले द्रव्य टाकून द्यायचे. आमच्या अर्जातला जन्मतारखेचा रकाना मला अशाच चिठ्ठ्या नसलेल्या बाटल्यांसारखा दिसे. निम्म्या मुलांची जन्मतारीख एक जानेवारी. आधार कार्ड काढताना तारीख ठाऊक नसली, की जानेवारीची पहिली लिहितात. आणि एजंट मुलींना शहरात आणतो, तेव्हा वर्षही सोयीनुसार मागे सरकते. समितीपुढे 'सहभागींचा वयोगट' असा तक्ता मांडताना तो खोटा आहे हे मला माहीत असे.

मग मला उपाय सुचला, आणि सुचला तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. ही मुले ख्रिस्ती आहेत. म्हणजे प्रत्येकाच्या गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही आहे. मूल काही आठवड्यांचे असताना चर्चचा धर्मगुरू, म्हणजे पाळक, त्याचे नाव, आईबाप आणि जन्माचा दिवस त्या वहीत लिहितो. तेव्हा ना नोकरी असते, ना एजंट. खोटे लिहिण्याचे कोणालाच कारण नसते. सरकारकडे नसलेला पुरावा चर्चच्या कपाटात धूळ खात पडला होता. मी गावोगावच्या पाळकांना फोन केले, मोबाइलवर पानांचे फोटो मागवले. तीन महिन्यांत आमच्या यादीतील जवळजवळ सगळ्यांची खरी वये माझ्याकडे आली. संस्थेचे संचालकपद त्या वर्षी रिकामे होणार होते, आणि 'पडताळलेली वये' असा रकाना असलेला अहवाल समितीने त्याआधी पाहिलेला नव्हता. माझ्या उत्साहाला हेही एक कारण होते. ते इथे लपवण्यात अर्थ नाही.

मार्कुस भैयांनी यादी पाहिली. "इतना सही-सही जानके क्या करोगी?" त्यांनी विचारले.

"सही जानना अपने आप में काम है, भैया."

त्यांनी यादी परत दिली.

दसऱ्याच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी मालकिणींना द्यायची रजेची पत्रे मी त्याच यादीवरून छापली. आधीची पत्रे साधी असत. या वेळी संस्थेच्या शीर्षकाखाली मुलीचे नाव, वडिलांचे नाव, गाव, जिल्हा आणि जन्मतारीख, असे सगळे व्यवस्थित आले. पत्र अधिकृत वाटले की रजा सहज मिळते, असा माझा कयास होता. रविवारच्या उपासनेनंतर पहिल्या पाच-सहा मुलींच्या हाती ती दिली. त्यांत अल्बीना होती.

अल्बीना सिमडेगाकडची उरांव मुलगी, गुडगावात मिसेस सेठी यांच्याकडे राहून त्यांच्या सासूला सांभाळत असे. या सासूबाईंना सगळे बीजी म्हणत. बीजी दुपारी दोन तास झोपत, आणि त्या दोन तासांत अल्बीना मुक्त शाळेच्या दहावीचा अभ्यास करी. परीक्षेचा अर्ज मिसेस सेठींनीच भरून दिला होता. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती; केंद्र गुडगावातच होते. आधार कार्डाप्रमाणे ती वीस वर्षांची. नोंदवहीप्रमाणे सतरा आणि सात महिने.

सोमवारी सकाळी मिसेस सेठींचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, घाबरलेला होता.

"आपने लेटर में जो डेट लिखी है, वो सही है?"

मी सवयीने म्हणाले, "हाँ जी, बाप्टिज़्म रजिस्टर से वेरिफ़ाई की हुई है."

मग त्या म्हणाल्या, "तो फिर मैं इसे नहीं रख सकती. एजेंट को फोन कर दिया है, कल ले जाएगा. बगल वाले ब्लॉक में पिछले महीने पुलिस आई थी, आपको पता है?"

फोन ठेवल्यावर मी सर्वप्रथम उरलेली पत्रे कपाटात बंद केली आणि ज्यांना ती वाटली होती त्या मुलींना फोन लावले. बाकीच्या सगळ्या अठरा ओलांडलेल्या होत्या. एकीच्या मालकिणीने तर पत्र वाचलेही नव्हते. त्यावर भाजी निवडली होती. म्हणजे माझ्या पत्राचा फटका एकट्या अल्बीनालाच बसला होता.

मार्कुस भैया आणि मी मेट्रोने गुडगावला निघालो. डब्यात उभ्या उभ्या माझ्या मनातल्या दोन बाजू वाद घालत होत्या. एक म्हणत होती, हे बरेच झाले. सतरा वर्षांच्या मुलीने कोणाच्या घरी राबू नये, तिने घरी जावे. मी ते मार्कुस भैयांना बोलून दाखवले.

"घर?" ते म्हणाले. "बाप ने दूसरा घर बसा लिया है. एजेंट उसको घर नहीं ले जाएगा, दूसरी मैडम की कोठी ले जाएगा. वहाँ कोई उम्र नहीं पूछेगा. इतवार भी नहीं देगा, किताब भी नहीं."

सेठींच्या दारात अल्बीनाची पिशवी बांधून ठेवलेली होती. ती स्वतः बीजींच्या खोलीत होती; पोरगी कुठे चालली, असे पंजाबीत विचारणारा बीजींचा आवाज आतून येत होता. "कुड़ी कित्थे जा रही है? मैनूं कौन उठाएगा?"

मिसेस सेठी वाईट बाई नव्हत्या. हे वाक्य मी पुष्कळ विचार करून लिहीत आहे. अर्ज त्यांनी भरला होता, गाइड त्यांनी आणून दिले होते, आणि आता त्या सोफ्याच्या कडेवर बसून माझ्या पत्राकडे साप पाहावा तशा पाहत होत्या. कायदा सतरा वर्षांच्या मुलीबद्दल नेमके काय म्हणतो, हे त्या खोलीत कोणालाही माहीत नव्हते. भीती मात्र सगळ्यांना होती.

"मेरे पास आधार है, उसमें बीस लिखा है," त्या म्हणाल्या. "मैंने उसी पर रखा. अब आपका काग़ज़ कुछ और बोलता है. आप लिख के दे दो कि टाइपिंग की ग़लती थी, मैं एजेंट को मना कर देती हूँ."

मी म्हणाले, ती चूक नाही.

"तो ग़लती से सच छप गया, यही समझ लो," त्या म्हणाल्या. मग स्वतःच खाली पाहू लागल्या.

अल्बीना बाहेर आली. मला वाटले होते ती रडत असेल. ती रागावली होती, आणि तेही माझ्यावर.

"दीदी, मैंने आपको उम्र बताई थी क्या?"

"नहीं."

"आपने गाँव से मँगाई. मुझसे पूछा?"

विचारले नव्हते. दोन पानी अर्जात संमतीचा रकाना नव्हता. तो मला सुचलाच नव्हता.

"लिख दो," ती म्हणाली. "तीन हफ़्ते का तो सवाल है. पेपर दे लूँ, फिर जो करना है करना."

मी मार्कुस भैयांकडे पाहिले. ते शिबिरप्रमुख, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, चर्चमध्ये प्रार्थना चालवणारे. ते काहीतरी शहाणपणाचे बोलतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी फक्त खिशातले पेन काढून माझ्यापुढे धरले.

खोटे लिहिणे माझ्याच्याने होईना आणि न लिहून चालेना. शेवटी मी एक वाक्य रचले. ते अजून मला शब्दशः आठवते: 'आमच्या संस्थेस वय प्रमाणित करण्याचा अधिकार नाही, सबब पूर्वीच्या पत्रातील जन्मतारीख वयाचा पुरावा म्हणून धरू नये.' इंग्रजीत लिहिले, सही केली, शिक्का मारला. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. चार वर्षे प्रयोगशाळेत आणि सहा वर्षे उपासनेत घालवल्यानंतर मला एवढे नक्कीच कळते, की खऱ्या शब्दांचे ते वाक्य खोटे बोलण्यासाठीच रचलेले होते.

मिसेस सेठींनी ते तीनदा वाचले आणि आधार कार्डाच्या प्रतीला टाचणी लावून ठेवले. मग मी, थोडे उशिरा आलेले धैर्य वापरून, आणखी एक पत्र मागितले: परीक्षेच्या दिवशी पूर्ण सुट्टी, रोज दुपारचे दोन तास, रविवार. त्यांनी ते लिहून दिले. शिबिराच्या रजेचा विषय कोणीच काढला नाही. ज्या शिबिरासाठी एवढे झाले, त्याला अल्बीना आली नाही.

परतताना मी मार्कुस भैयांना विचारले, "आप होते तो क्या करते?"

"मैं होता तो नाम और गाँव लिखता," ते म्हणाले.

त्या वर्षीच्या अहवालातून 'पडताळलेली वये' हा रकाना मी काढून टाकला. समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी त्याची आठवण करून दिली. मी सांगितले, की माहिती ज्यांची आहे त्यांना न विचारता घेतली होती. "पण माहिती खरी होती ना?" त्यांनी विचारले. मी हो म्हणाले. संचालकपद त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाले. दोन्हींचा संबंध होता की नाही, मला माहीत नाही. पुरावा नसताना मी तो जोडणार नाही.

अल्बीना दहावी झाली. विज्ञानात तिला सर्वांत जास्त गुण होते, आणि हिंदीत जेमतेम. एका रविवारी गुणपत्रिका घेऊन ती कार्यालयात आली. मार्कुस भैयांनी गुलगुले मागवले. मी गुण वाचता वाचता वरच्या ओळीशी थांबले. जन्मतारीख: एक जानेवारी, आधार कार्डाप्रमाणे.

आपल्याकडे दहावीची गुणपत्रिका हाच वयाचा कायमचा पुरावा. नोकरी, पासपोर्ट, पेन्शन, सगळीकडे तीच चालते. म्हणजे सेठींच्या सोफ्यावर बसून मी नुसते तीन आठवडे विकत घेतले नव्हते. एक खोटी तारीख मी आयुष्यभरासाठी पक्की होऊ दिली होती. मी तिला समजावून सांगितले, की दुरुस्तीचा अर्ज करता येतो, नोंदवहीचे पान माझ्याकडे आहे, गावच्या पाळकांचा दाखला मी मागवीन, सगळे धावपळीचे काम मी करीन. या वेळी मी आधी विचारले.

तिने शांतपणे ऐकून घेतले.

"नर्सिंग असिस्टेंट का फॉर्म निकला है, दीदी. उसमें अठारह पूरा माँगते हैं. आपकी वाली तारीख से मैं इस साल नहीं भर सकती. इस वाली से भर सकती हूँ."

"मगर ये तारीख झूठी है, अल्बीना. बुढ़ापे तक रहेगी."

"रहेगी तो रहेगी. आप सच वाली संभाल के रखो. मुझे अभी ये लगेगी." मग ती म्हणाली, "वो पन्ना एक बार दिखाओगी? रजिस्टर वाला?"

मी संगणकावर फोटो उघडला. उभ्या रेघा आखलेले पिवळे पान, पाळकांचे जाड निबाचे अक्षर. तिचे बोट तारखेवरून सरळ पुढे गेले आणि एका शब्दाशी थांबले. सुसाना.

"माँ," ती म्हणाली. "आधार में तो सिर्फ़ बाप का नाम है. माँ का कहीं नहीं है."

आई ती चार वर्षांची असताना वारली होती. फोटो नव्हता, रेशनकार्डावर नाव नव्हते, आणि थडग्यावर दगडही नव्हता.

मी पान तिच्या ओळीपुरते छापून दिले. तिने ते पुष्कळ वेळ पाहिले, मग टेबलावर ठेवून म्हणाली, "इधर वाला काट दो. किसी ने देख लिया तो फिर वही झंझट."

तारखेचा रकाना पानाच्या डाव्या कडेला होता. मार्कुस भैयांनी कात्री पुढे सरकवली. मी रेघेला धरून, जमेल तितके सरळ कापले. तिचे नाव, आईचे नाव आणि गाव असलेला भाग तिने गुणपत्रिकेच्या आतल्या बाजूला ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि बीजी उठायच्या आत पोहोचायचे म्हणून निघून गेली.

कापलेली पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यावर एक खरी तारीख आहे. ती कोणाची, हे तिच्यावर कोठेही लिहिलेले नाही.